जुन्या डिझेल गाडीचे बिघाड : तपास कोठून सुरू करावा

आमच्या शेतकरी बंधूंपैकीं पुष्कळांच्या वाड्यासमोर आतां एखादी जुनी बोलेरो अगर सुमो उभी असते. सुमो १९९४ सालीं निघाली व २०१९ मध्यें तिची निर्मिति थांबली. बोलेरो २००० सालीं बाजारांत आली. (सुमो हें नांव जपानी पहिलवानांवरून पडलेलें नाहीं, टाटांच्या मोटार कारखान्याचे धुरीण सुमंत मूळगांवकर यांच्या नांव-आडनांवांच्या आरंभींच्या अक्षरांवरून तें घेतलें आहे.) ह्या गाड्यांच्या जुन्या नमुन्यांत डिझेल पुरविणारा पंप यांत्रिक असतो, संगणकाचा कारभार नसतो, म्हणून बहुतेक बिघाड मालकास स्वतः ओळखतां येण्याजोगे आहेत. पण माल भरून उभी असलेली गाडी ऐन बाजाराच्या दिवशीं अडून बसली म्हणजे धीर राहत नाहीं, व मेकॅनिक सांगेल तो भाग बदलून घेतला जातो.

हद्दीचा तंटा आला कीं आधीं बांध व दगड पाहावे, मग नकाशा, आणि साक्षी-पुरावे सर्वांच्या शेवटीं, असा आमचा महसूल खात्यांतील रिवाज होता. गाडीच्या बाबतींतहि जें उघड्यावर आहे व स्वस्त आहे तें आधीं पाहावें, झांकलेलें व महाग तें मागाहून. ह्या कामास थोडक्या किमतीचा एक मल्टिमीटर घरीं असणें अवश्य आहे.

किल्ली फिरवली असतां नुसता ‘टक्’ असा आवाज होतो व इंजिन फिरत नाहीं, ही तक्रार सर्वांत अधिक. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास भरावा; १२ अगर त्याहून कमी भरल्यास बॅटरी रिती समजावी. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून, हातब्रेक ओढून, दुसऱ्या माणसास किल्ली फिरवावयास सांगावें व त्याच वेळीं पुन्हां मोजावें. दाब ९.६ च्या खालीं गेला तर दोष बहुधा बॅटरींत आहे. तितका उतरत नसूनहि स्टार्टर मंद फिरत असेल, तर दोष वाटेंत कोठें तरी आहे. टोकांवर जमणारी पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यांत खाण्याचा सोडा घालून धुवावी, टोकें कोरडीं करून पॉलिश कागदानें घासावीं व घट्ट आवळून वर व्हॅसलिन लावावें.

वाटेंतील जो दोष लोक बहुधा पाहातच नाहींत तो अर्थिंगचा. धन टोकापासून स्टार्टरपर्यंत जाणारी वीज इंजिनाच्या लोखंडांतून परत ऋण टोकाकडे येते, आणि ती परत आणणारी विणलेली पट्टी चिखलापाण्यानें गंजते. मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडास लावून किल्ली फिरवावी. मीटर अर्ध्या व्होल्टाहून अधिक दाखवील तर पट्टी काढून साफ करावी किंवा नवी घालावी. मोठे दिवे लावतांच उष्णतेचा कांटा हलतो, हॉर्न वाजवितां दिवे मिणमिणतात, हींहि ह्याच दोषाचीं चिन्हें होत. आमच्या शेजारच्या एका बागाईतदाराच्या गाडीचा स्टार्टर एका हंगामांत दोन वेळां उघडला गेला व शेवटीं ॲक्सिलरेटरची तार तापून तिच्यावरील प्लॅस्टिक वितळलें, तेव्हां कोठें पट्टी तुटल्याचें ध्यानांत आलें. विजेनें परतीसाठीं ती तार धरली होती.

इंजिन चालू असतां बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट भरावेत. न भरल्यास अल्टरनेटर उतरविण्यापूर्वीं पट्टा ढिला आहे काय, तें पाहावें. १५ च्या वर जात असल्यास बॅटरीचें पाणी आटतें व दिवे वारंवार जातात. तेथें रेग्युलेटर दोषी समजावा.

इंजिन फिरतें पण पेटत नाहीं, अशा वेळीं डिझेलच्या नळींत हवा शिरली असण्याचा संभव मोठा. फिल्टरजवळचा हातपंप दाबून, हवा सोडण्याचा स्क्रू किंचित् सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहूं द्यावें. पिंपांतील डिझेल वापरणारांनीं पावसाळ्यांत फिल्टरच्या तळाचें पाणी काढीत जावें. ज्या गाडींत इंजिन बंद करणारा सोलेनॉइड आहे तेथें किल्ली लावतांच त्याचा बारीक आवाज येतो कीं नाहीं तें ऐकावें. त्याची तार निसटली तर डिझेल पुढें जातच नाहीं.

इंजिन तापूं लागल्यास रेडिएटरचें झांकण गरम असतां कदापि उघडूं नये. आपल्याकडे जाळींत भुसा व कापसाचे तंतु भरतात. इंजिन थंड झाल्यावर इंजिनाच्या बाजूनें बाहेरच्या दिशेस बेताच्या धारेनें धुवावें. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा जो सल्ला सर्रास मिळतो तो आम्हांस मान्य नाहीं, कारण इंजिन मग नेहमींच गार चालतें व डिझेल अधिक खातें. मात्र थंड इंजिन सुरू करतांच पाण्यांत सतत बुडबुडे येत असतील, किंवा तेल दुधाळ झालें असेल, तर हेडचें गॅस्केट गेलें असें समजून गाडी तेथेंच थांबवावी.

आतां ब्रेकविषयीं. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनाप्रमाणें स्वतः निर्वात ओढ निर्माण करीत नाहीं. त्यासाठीं वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, व कित्येक जुन्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच पाठीस जोडलेला असतो. ब्रेकच्या बूस्टरला ह्याच ओढीचें बळ. म्हणून डिझेल वाचविण्यासाठीं घाट उतरतांना इंजिन बंद करण्याची जी चाल आहे ती प्राणघातक आहे. दोन-चार वेळां ब्रेक दाबतांच सांठलेली ओढ संपते व पेडल दगडासारखें कठीण होतें. मग भरलेली गाडी आवरणें एकट्या पायाच्या जोरावर राहतें.

बूस्टरची परीक्षा दारांतच करतां येते. इंजिन बंद ठेवून पांच-सहा वेळां पेडल दाबावें, तें कठीण झाल्यावर पाय तसाच दाबून धरावा व इंजिन सुरू करावें. पेडल पायाखालीं किंचित् उतरलें पाहिजे. न उतरल्यास ती गाडी घाटांत नेऊं नये. आधीं पंपापासून बूस्टरपर्यंतची रबरी नळी चांचपून पाहावी. ती भेगाळलेली निघाली तर पंपास हात लावण्यापूर्वीं नळी बदलून हीच परीक्षा पुन्हां करावी.