घोडेस्वार शोधपथकात स्वयंसेवा: खिशाला किती पडते?

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या बहुतेक राज्यांत डोंगरात माणूस हरवला की त्याला शोधण्याची जबाबदारी काउंटीच्या शेरीफवर येते. प्रत्यक्ष रान तुडवणारे मात्र बहुतांशी बिनपगारी स्वयंसेवक असतात आणि काही काउंट्यांत त्यांच्यात घोडेस्वारांची तुकडीही असते. तिकडे स्थायिक झालेल्या, घोड्याची आवड असलेल्या मराठी वाचकांना यात उतरायचं असेल तर हिशेब आधी मांडावा. पथकात शिरणं तुलनेने स्वस्त आहे, खरा खर्च आहे तो घोड्याचा. म्हणून सल्लाही सुरुवातीलाच देतो: या कामासाठी म्हणून घोडा विकत घेऊ नका. घोडा आधीपासून असेल तर तो घेऊन या. नसेल तर पायी सामील व्हा.

पायी सामील होणं म्हणजे दुय्यम काम, असं समजू नका. टेक्सास इक्वुसर्च हे या क्षेत्रातलं सर्वांत परिचित नाव. टिम मिलर यांच्या मुलीचं, लॉराचं, १९८४ मध्ये अपहरण होऊन खून झाला आणि २००० साली त्यांनी ही संस्था घोडेस्वारांचं शोधपथक म्हणून सुरू केली. आज तिच्या कामात घोड्यांच्या जोडीला होड्या, ड्रोन आणि पायी शोधणारे स्वयंसेवकही असतात. प्रत्येक तळावर नकाशा सांभाळणारा, रेडिओवर बसणारा, ट्रेलर मागे घेताना हात दाखवणारा कुणीतरी लागतोच.

आता प्रवेशाचा खर्च. पार्श्वभूमीची चौकशी आणि बोटांचे ठसे अनेक ठिकाणी शेरीफचं कार्यालयच करून घेतं. आपत्ती-व्यवस्थापनाची प्राथमिक शिकवणी, म्हणजे फेमाचे आयएस-१०० आणि आयएस-७०० हे अभ्यासक्रम, घरबसल्या आणि मोफत होते. रानातल्या प्रथमोपचाराचा सोळा तासांचा वर्ग साधारण २०० ते ३५० डॉलर घेतो. हौशी रेडिओचा पहिल्या पायरीचा परवाना बरीच पथकं मागतात. त्याला सरकारी शुल्क ३५ डॉलर आणि वर परीक्षेचे थोडे पैसे, मात्र परवाना दहा वर्षं चालतो. जीपीएसचं वेगळं यंत्र २०० ते ४०० डॉलरला पडतं. ते लगेच घेऊ नका. बरीच पथकं कॅलटोपोसारखं नकाशाचं ॲप वापरतात, सुरुवातीला फोनवर भागतं. डोक्यावरचा दिवा, बूट, पाठपिशवी, हातातला रेडिओ धरून बिनघोड्याच्या स्वयंसेवकाचं पहिलं वर्ष ५०० ते १,००० डॉलरांत निघतं. दुसऱ्या वर्षी खर्च बराच खाली येतो.

घोडा असलेल्यांनी आधी एक गोष्ट तपासावी: तो या कामाचा आहे का? आपल्या सह्याद्रीत लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी पथकं कड्यावर दोर लावून उतरतात. तिथे घोडा काय करणार? त्याचं रान म्हणजे लांबच लांब पायवाटा, कुरणं, उघडी पठारं. स्वाराची नजर उंचावर राहते, ओझं घोडा वाहतो, माणूस लवकर थकत नाही. शिवाय झुडपात काही हललं की स्वाराच्या आधी घोड्याचे कान तिकडे वळतात. पण त्याला हेलिकॉप्टरचा आवाज, सायरन, फडफडणारी ताडपत्री, अंगावर येणारे कुत्रे, शेजारून जाणारं स्ट्रेचर हे सगळं सोसलं पाहिजे आणि अनोळखी घोड्यांच्या रांगेत रात्रभर शांत बांधून घेतलं पाहिजे. पथकं याची परीक्षा घेतात. रिंगणात बक्षिसं मिळवलेला देखणा घोडाही तिथे नापास होऊ शकतो आणि त्यात मालकाचा काही दोष नसतो. स्वभाव विकत मिळत नाही, सराव मिळतो. त्यासाठी घोडेस्वारीचे शिक्षक तासाला ५० ते १०० डॉलर घेतात.

घोडा घरचा असला तरी या कामापायी वाढीव खर्च येतो तो असा. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी लागतोच. खडकाळ वाटांवर नुसतं खूर तासून भागत नाही, चारी पायांना नाल मारावी लागते आणि एका फेरीचे १०० ते २५० डॉलर जातात. सांसर्गिक रक्तक्षयासाठीची कॉगिन्स चाचणी बहुधा वर्षातून एकदा. राज्याची सीमा ओलांडायची तर पशुवैद्याचा दाखला वेगळा. पश्चिमेतल्या पुष्कळ राष्ट्रीय वनांत तणमुक्त असल्याचं प्रमाणपत्र असलेलंच गवत न्यावं लागतं आणि ते नेहमीच्या गवतापेक्षा महाग. शिरस्त्राण एएसटीएम प्रमाणित हवं. ते शंभर डॉलरच्या आत मिळतं, पण एकदा आपटलं की टाकून द्यायचं. ट्रेलर ओढणारा पिकअप गॅलनला दहा मैलांच्या आसपासच चालतो. महिन्याला एक सराव आणि एखादी मोहीम, जाऊन-येऊन शंभर मैल धरले, तरी वर्षाचं इंधनच हजार डॉलरच्या घरात जातं.

ट्रेलरपाशी जरा थांबतो, कारण फसगत होते ती इथेच. दोन घोड्यांचा जुना ट्रेलर ५,००० ते १०,००० डॉलरला मिळतो. विकणारा रंग दाखवतो. तुम्ही रबरी चटई उचलून खालची लाकडी फळी बघा. लघवीने फळ्या आतून कुजतात आणि चालत्या ट्रेलरची जमीन फुटली तर घोड्याचे पाय रस्त्यावर घासतात. फळीत पेचकस टोचा, आत रुतला तर तळ बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. टायरवर नक्षी शाबूत असली तरी ते पाच-सहा वर्षांहून जुने असतील तर बदलायचेच. वर्षाचे आकडे टायरच्या बाजूवर कोरलेले असतात. चाकाचे बेअरिंग वर्षातून एकदा उघडून तपासायचे. पिकअपमध्ये ट्रेलरच्या ब्रेकचा नियंत्रक बसवलाय का, हे विचारा. रस्त्यावर गाडी बंद पडल्यावर मदत देणाऱ्या साध्या योजनांत ट्रेलरमधला घोडा धरलेला असतोच असं नाही, तेवढा कागद वाचून मगच पैसे भरा.

इतकं सांगूनही घोडा घ्यायचाच असेल तर पूर्ण वर्षाचा आकडा ऐका. पागेत ठेवण्याचे महिन्याला ४०० ते १,००० डॉलर, मोठ्या शहराजवळ त्याहून जास्त. नाल, लसी, दात घासून घेणं, विमा हे धरून वर्षाला ७,००० ते १५,००० डॉलर सहज जातात. स्वतःच्या जमिनीवर ठेवला तरी सुमारे ४५० किलोचा घोडा दिवसाला नऊ किलोपर्यंत गवत खातो, म्हणजे वर्षाला तीन टनांहून अधिक. खरेदीचे पैसे या सगळ्याबाहेर: वाटेवर मुरलेला, मधल्या वयाचा, शांत घोडा ५,००० ते १५,००० डॉलरला मिळतो.

स्वस्त घोड्याचा मोह फार. सरकारी भूमी-व्यवस्थापन खात्याकडून रानटी मस्टँग १२५ डॉलरपासून दत्तक मिळतो. तो शिकवायला प्रशिक्षकाकडे ठेवला की महिन्याला हजाराच्या आसपास जातात, आणि असे बरेच महिने. वर्षाअखेरीस शिकवलेल्या घोड्याइतकेच पैसे गेलेले असतात आणि स्वभावाची खात्री तरीही नसते. त्यापेक्षा कुणाचा तरी घोडा मालकाबरोबर वाटून, अर्ध्या भाड्याने घ्या. फक्त तो शोधमोहिमेवर न्यायला मालकाची लेखी परवानगी हवी.

विम्याचं प्रत्येक राज्यात वेगळं. कॅलिफोर्नियात आपत्ती-सेवक म्हणून रीतसर नोंदणी झाली की कामावर झालेल्या इजेचा उपचारखर्च मिळू शकतो. पण तो माणसाचा. घोड्याला पोटशूळ झाला आणि शस्त्रक्रिया करावी लागली तर बिल ५,००० ते १५,००० डॉलर. घोड्याचा मृत्युविमा साधारण त्याच्या किमतीच्या तीन-चार टक्के हप्त्यात मिळतो, उपचारांची जोड घेतली तर आणखी काही शे डॉलर.

करसवलतीच्या भरवशावर राहू नका. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी गाडी चालवली तर मैलाला १४ सेंट वजा करता येतात. हा दर कायद्यातच ठरलेला आहे आणि इंधनाबरोबर वाढत नाही. दर धरायचा की प्रत्यक्ष इंधनाच्या पावत्या, हे तुम्ही ठरवू शकता, आणि ट्रेलर ओढणाऱ्याला पावत्याच परवडतात. पण याचा पुरता उपयोग खर्च तपशीलवार दाखवणाऱ्यालाच. ठरावीक वजावट घेणाऱ्या बहुतेक पगारदारांना मैलांचा फारसा फायदा होत नाही. तुमच्या वेळेचं मोल कुठेच धरलं जात नाही. घोड्याचं रोजचं पोटपाणीही या खात्यात घालू नका. व्हिसावर असाल तर अर्जाआधी वकिलाला विचारा, कारण शपथ घेऊन शेरीफचा हंगामी अधिकारी व्हायचं असेल तर काही ठिकाणी नागरिकत्व मागतात.

पहिल्या बैठकीला गेलात की पथकप्रमुखांना विचारा: गेल्या वर्षी किती मोहिमांना बोलावणं आलं आणि त्यांतल्या किती वेळा घोडे खरोखर उतरले? बर्फ, दाट जंगल, रात्र यांमुळे पुष्कळदा घोडे तळावरच राहतात. माग काढणारे आधी जातात, कारण टापांखाली पाऊलखुणा पुसतात. उत्तर दोन-तीन आलं तर ट्रेलर विकत न घेता पथकातल्या कुणाच्या तरी मोकळ्या खणात आपला घोडा चढवा आणि इंधनाचे निम्मे पैसे द्या.