चमच्या चोचीच्या तुतवाराचा शोध

बांगला देशाच्या आग्नेय किनाऱ्यावर, कॉक्स बझार शहराच्या वायव्येस सोनादिया नावाचे एक लहानसे बेट आहे. थंडीच्या दिवसांत देशोदेशींचे पक्षिनिरीक्षक होडीने या बेटावर जातात ते एका चिमणीएवढ्या पक्ष्यासाठी. चमच्या चोचीचा तुतवार हा तो पक्षी होय. आपल्याकडे तलावांवर दिसणारा मोठा चमचा पक्षी निराळा. त्याचा याच्याशी संबंध नाही.

रशियाच्या अतिपूर्वेकडील चुकोत्का प्रदेशात याची वीण होते. तेथून सुमारे ८,००० किलोमीटरांचा प्रवास करून तो हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे येतो. प्रौढ पक्ष्यांची संख्या आता अवघ्या काही शेकड्यांवर आली असून, २००८ पासून त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींमध्ये होते.

निरीक्षकाचे वेळापत्रक समुद्र ठरवितो. ओहोटीच्या वेळी पक्षी दूरवर चिखलात पांगलेले असतात. भरतीचे पाणी चढू लागले की ते किनाऱ्याकडे सरकतात व वाळूच्या उंचवट्यावर दाटीने बसतात. मात्र त्या थव्यात असंख्य टिलवे असतात आणि हिवाळी पिसाऱ्यात सारेच करडे-पांढरे दिसतात. ज्या चोचीमुळे या पक्ष्याला नाव मिळाले, तिचे पसरट टोक बाजूने पाहता ध्यानातही येत नाही! पक्षी समोर तोंड करीपर्यंत दुर्बिणीला डोळा लावून थांबणे एवढेच हाती उरते. उथळ पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवीत चालण्याची त्याची रीत जाणत्यास उपयोगी पडते.

या पक्ष्याच्या ऱ्हासास मुख्यतः दोन गोष्टी कारणीभूत आहेत. पहिली म्हणजे वाटेतील विसाव्याच्या चिखलभूमी बुजविल्या गेल्या. दक्षिण कोरियातील सेमांगुमचा ३३ किलोमीटर लांबीचा बांध २००६ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा अशीच एक विस्तीर्ण भूमी गेली. दुसरी गोष्ट जाळ्यांची. सोनादियाचे शिकारी मोठ्या पक्ष्यांसाठी जाळी लावीत; त्यांत हा चिमुकला जीवही सापडे. तेथे नुसत्या बंदीवर भिस्त ठेवली गेली नाही, हे विशेष. शिकाऱ्यांना मासेमारीसारखे पर्यायी व्यवसाय उभे करून देण्यात आले व त्यांनी शिकार सोडली. पोटाची सोय न लावता काढलेला हुकूम अशा दूरच्या बेटावर कितपत पाळला गेला असता, याची शंकाच आहे.

२०१२ पासून चुकोत्कामध्ये काही अंडी कृत्रिम रीतीने उबवून पिल्ले वाढविली व सोडली गेली. काही पक्ष्यांच्या पायांत अक्षरे असलेली रंगीत पट्टी असते. म्हणून सोनादियावर पक्षी दिसताच अनुभवी निरीक्षक चोचीनंतर लगेच त्याचे पाय न्याहाळतो आणि पट्टीवरील अक्षरे वहीत उतरवून घेतो.