नोंद गावची, शिक्का परराष्ट्र मंत्रालयाचा

मूर्तिजापूरच्या कुटुंबातील मुलाचा जन्म आईच्या माहेरी, दर्यापूर तालुक्यात झालेला असतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत वऱ्हाडात जुनी आहे. परंतु जन्माची नोंद जन्मस्थळीच व्हावयाची असते, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. मुलगा उच्च शिक्षणासाठी परदेशी निघाला, की वडील मूर्तिजापूरची नोंदवही धुंडाळीत बसतात. अखेर नोंद दर्यापूरकडे सापडते. पण नावाचा रकाना कोरा, कारण ती बारशापूर्वीच झालेली. प्रवेशाची मुदत मात्र थांबत नाही.

परदेशी वापरावयाच्या दाखल्यास 'अपॉस्टिल' लागते, हे आता सर्वपरिचित आहे. हेग येथे ५ ऑक्टोबर १९६१ रोजी झालेला हा करार भारतापुरता १४ जुलै २००५ पासून अमलात आला. दाखला प्रथम राज्य शासनाच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे व नंतर परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो. २०१९ पासून मंत्रालयाचे हे काम मुंबईसह अन्य शहरांतही होऊ लागले. कुवेतसारख्या कराराबाहेरील देशासाठी पुढे त्या देशाच्या दूतावासाचे साक्षांकनही घ्यावे लागते. करारातील प्रत्येक देशात अपॉस्टिल चालतेच असेही नाही. भारताच्या प्रवेशास जर्मनीने आक्षेप नोंदविला होता. तेव्हा संबंधित दूतावासाकडे आधी चौकशी केलेली बरी.

या शिक्क्याचा अर्थ मर्यादित आहे. दाखल्यावरील सही, सही करणाऱ्याचे पद आणि मोहोर खरी आहे, एवढेच तो सांगतो. आतील मजकुराची ग्वाही तो देत नाही. नोंदवहीतील चूक शिक्क्यासह परदेशी पोहोचते आणि तेथे पारपत्राशी ताडून पाहिली जाते.

म्हणून खरे काम ग्रामपंचायतीतच आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ नुसार बाळाचे नाव मागाहून नोंदविता येते. कलम १५ नुसार चूक दुरुस्त होते. मात्र मूळ अक्षर खोडावयाचे नाही. समासात दुरुस्ती लिहून निबंधकाने सही व तारीख घालावयाची असते. खाडाखोड केलेली नोंद ही चुकीच्या नोंदीहूनही अधिक संशयास्पद ठरते. वर्षापेक्षा अधिक विलंब झाल्यास १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या सुधारणेनुसार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी अथवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो.

काही विसंगती चुकीच्या नसतात, त्या इतिहासाच्या असतात. १९५६ पूर्वी वऱ्हाड मध्यप्रदेशात होते, त्यामुळे वृद्धांच्या कागदांवर ते राज्य दिसते. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या दाखल्यावर 'जिल्हा अकोला' असणे रास्तच आहे. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ चे. त्याआधी अमरावतीच्या महाविद्यालयातून मिळविलेल्या पदवीची पडताळणी नागपूर विद्यापीठाकडे करावी लागते. कृषी पदवीधराचा मार्ग अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे जातो.

शाळांचाही यात वाटा आहे. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये नाव लिहिताना शिक्षकांनी जन्मदाखला समोर ठेवावा. 'ज्ञानेश्वर' असलेला मुलगा हजेरीपटावर 'न्यानेश्वर' झाला, की दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत तेच नाव चालत जाते. पालकांनी मूळ कागद लॅमिनेट करू नयेत, हेही त्यांना प्रवेशाच्या वेळीच सांगता येईल. प्लास्टिकच्या आवरणावर शिक्का उमटत नाही आणि दुसऱ्या प्रतीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो.