पावलंही ऐकू यावीत, गिटारही

प्रश्न : मी साताऱ्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळतो आणि उरलेला वेळ मेटल ऐकतो. मेटालिका, स्लेअर, मुंबईचा डेमोनिक रेझरेक्शन वगैरे. गेमिंगचा म्हणून घेतलेल्या हेडफोनमध्ये गिटारचा नुसता गोंगाट होतो. दुकानदार म्हणतो, गाण्याला वेगळा घ्या. दोन घेणं परवडणार नाही. एकात दोन्ही भागेल का?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : भागेल. शत्रूची पावलं ऐकू येणं आणि गिटार सुटी ऐकू येणं या दोन वेगळ्या गरजा आहेत असं दुकानदाराला वाटतं, पण दोन्हीकडे घोळ एकच घालतो : फुगवलेला बेस.

कानाचा एक स्वभाव आहे. खालच्या पट्टीतला आवाज मोठा झाला की तो आपल्याहून वरच्या पट्टीतले बारीक आवाज झाकून टाकतो. उलट मात्र तितकंसं घडत नाही. स्फोट दणकट वाटावेत म्हणून बरेच गेमिंग हेडफोन खालचा पट्टा मुद्दाम उचलून बनवलेले असतात. पहिली पाच मिनिटं माणूस खूश होतो. मग त्या दणक्याखाली खडीवरच्या बुटांची कचकच जाते आणि गाण्यातली गिटारची धारही जाते. आपल्याकडे गणपतीत डॉल्बीच्या भिंतीपुढे नाचून मोठी झालेली पिढी आहे. छातीत धडधडलं नाही तर तिला हेडफोन मिळमिळीत वाटतो. दुकानात पहिल्यांदा कानाला लावल्यावर जरासा मिळमिळीत वाटेल, तोच बहुधा तुमच्या कामाचा.

मेटलचा हिशेब बघा. २०० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला २०० मात्रांच्या गाण्यात दोन्ही पायांनी मात्रेला चार ठोके वाजवणारा ड्रमर सेकंदाला तेराएक ठोके देतो. दोन ठोक्यांमध्ये ७५ मिलिसेकंद. एका ठोक्याची घुमार विरायच्या आत दुसरा आला की ठोके उरत नाहीत, सलग घरघर उरते. त्यात बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्‌झची आणि गिटारची ८२ ची. मेटलवाले ती आणखी उतरवून घेतात. किक, बेस आणि गिटार अशी तिघांची आधीच दाटी असलेल्या त्या पट्ट्यात हेडफोननं स्वतःची भर घालायचं काही कारण नाही.

गिटारसाठी मात्र थोडं तानपुऱ्यांच्या मिरजेला जाऊन यावं लागेल.

मेटलचा कणा म्हणजे पॉवर कॉर्ड, आणि पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि प. त्यात गंधार घेत नाहीत. डिस्टॉर्शनमध्ये ॲम्प आवाजाच्या लहरीची टोकं कापतो, त्यातून मुळात नसलेले हार्मोनिक्स तयार होतात आणि दोन स्वरांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू यायला लागतात. सा-पचं प्रमाण २:३. त्यांची वजाबाकी १, म्हणजे त्याच साचं एक सप्तक खालचं रूप. ते मूळ स्वरात मिसळून जातं आणि कॉर्ड आणखी भारदस्त होतो. त्यात गंधार घातला की या बेरजा-वजाबाक्या जुळेनाशा होतात आणि चिखल होतो. आता तानपुरा आठवा : प, सा, सा, सा. तेच दोन स्वर. तिथे हार्मोनिक्स काढायचं काम ॲम्पऐवजी जवारी करते. घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो, त्यावर तार निसटती टेकत राहते आणि तारेखालच्या दोऱ्यानं तो स्पर्श नेमका साधला जातो. जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, स्वयंभू गंधार. हा त्या तारेचा पाचवा हार्मोनिक.

मिरजेचे सतारमेकर दीडशेहून अधिक वर्षं हेच काम करताहेत. भोपळे मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावात स्थायिक झाले. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी त्यांच्या गळ्यातल्या श्रुती मोजून १९१० मध्ये पुस्तक काढलं, आणि त्या खटाटोपात त्यांच्या जोडीला होते ई. क्लेमेंट्स हे साताऱ्याच्या न्यायखात्यातले इंग्रज साहेब. हर्ट्‌झवरून रात्र रात्र वाद घालणारे लोक तुमच्या-माझ्या जिल्ह्यांत हेडफोन घरोघर पोचण्याच्या आधीपासून आहेत.

हे सगळं सांगितलं ते एका चाचणीसाठी. हेडफोन घेण्याआधी खऱ्या तानपुऱ्याचं एक चांगलं रेकॉर्डिंग फोनमध्ये ठेवा. मोबाइलमधला इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालणार नाही. ज्या हेडफोनमध्ये जवारीची ती सरकती झिलई जाणवेल आणि गंधार वेगळा ऐकू येईल, त्याचा मधला आणि वरचा पट्टा स्वच्छ आहे. तिथे गिटारही सुटी होईल आणि पावलंही. ‘गूं’ असा एकच गोळा ऐकू आला तर डब्यावर काहीही छापलेलं असो, परत द्या. जमलं तर आधी मिरजेला एखाद्या दुकानात तानपुऱ्याच्या भोपळ्याशी कान नेऊन बसा, म्हणजे काय शोधायचं ते कळेल. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर साताऱ्याचं स्टेशन आहेच. बेससाठी वेगळी चाचणी : तुमच्या माहितीतलं सर्वांत वेगवान डबल किकचं गाणं लावा आणि ठोके मोजता येतात का बघा.

आता डब्यावरच्या गोष्टी. ७.१ सराउंड लिहिलेलं असतं, पण बहुतेक हेडफोनमध्ये दर कानाला एकच पडदा असतो आणि बाकीचा खेळ सॉफ्टवेअरचा. दिशा कळायला दोन कान पुरतात. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला फार तर मिलिसेकंदाच्या सहा-सात दशांशांनी उशिरा पोचतो, आणि मेंदू त्यावरून दिशा काढतो. व्हॅलोरंटमध्ये हेच साधणारी एचआरटीएफची सोय आहे, ती सुरू करा आणि हेडफोनचं ७.१ बंद ठेवा. दोन्ही एकदम चालू ठेवले तर पुढचं-मागचं कळेनासं होतं. गाण्याच्या वेळी यातलं काहीच नको.

ब्लूटूथ नको. साध्या ब्लूटूथला दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशीर सहज होतो. सिनेमा बघताना प्लेअर चित्र तेवढं मागे ठेवतो म्हणून जाणवत नाही. गेमला ते करता येत नाही. शिवाय साध्या ब्लूटूथवर माइक चालू झाला की आवाज फोनच्या बोलण्यासारखा एकसुरी आणि अरुंद होतो. मागे स्लेअर लावून गप्पा मारणाऱ्यांनी हा अनुभव घेतलाच असेल. वायर घ्या, किंवा बिनवायरीचाच हट्ट असेल तर यूएसबी डोंगलवर २.४ गिगाहर्ट्‌झनं चालणारा.

नावं हवीच असतील. बंद पाठीचे घ्यायचे तर ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स माझ्या मते तुमच्यासाठी सर्वांत सरळ. ३५ ओहमचा आहे, लॅपटॉप आणि फोन त्याला आरामात वाजवतात. माइकसकट एकच वस्तू हवी असेल तर हायपरएक्सचा क्लाउड २. गेमिंगवाल्यांमध्ये गाण्याला न्याय देणाऱ्या मोजक्यांपैकी तो एक, आणि माइक काढून ठेवता येतो. उघड्या पाठीच्यांमध्ये सेनहायझरचा एचडी ५६०एस. त्यात दिशा आणि अंतर फार छान कळतं, पण तो १२० ओहमचा, फोनवर थोडा दबका वाजतो. बायरडायनामिकचा डीटी ९९० गेमर मंडळी सुचवतील. पावलांना तो उत्तम आहे, पण त्याचा वरचा पट्टा इतका टोकदार की मेटलमधल्या झांजा अर्ध्या तासात नको होतात. किमती छापत नाही. अंक निघेपर्यंत एखादा सेल येऊन जातो.

उघडी की बंद हे घरावर ठरवा. उघड्या पाठीतून बाहेरचा पंखा आत येतो आणि तुमचं संगीत बाहेर जातं. शेजारच्या कॉटवर आजी झोपत असतील तर बंदच बरा. बंद हेडफोनची कातडी गादी एप्रिल-मेमध्ये घामानं चिकटते, मखमली गादी मिळाली तर बदलून टाका, मात्र त्यानं बेस थोडा उतरतो. तुमच्या बाबतीत तो फायदाच. चष्मा असेल तर चष्म्यासकट लावून बघा, कारण काडीपाशी फट राहिली की बेस गळतो.

माइकसाठी यूट्यूबवाले वापरतात तो यूएसबीचा कॉलर माइक पुरतो. सध्याचा हेडफोन टाकून देण्याआधी पीसीवर इक्वलायझर एपीओ हे मोफत सॉफ्टवेअर घालून १०० ते २५० हर्ट्‌झ तीन-चार डेसिबलनं खाली आणून बघा. कदाचित खरेदी सहा महिने पुढे जाईल.

आणि मेटालिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ गोंगाट वाटला तर हेडफोनला बोल लावू नका. तो अल्बम मास्टर करताना आवाज इतका दाबून वर नेला होता की सीडीवर तो फाटलेला ऐकू येतो. त्याच वेळी ‘गिटार हिरो ३’ या गेमसाठी तीच गाणी कमी दाबलेल्या रूपात गेली, आणि चाहत्यांच्या लक्षात आलं की गाणं सीडीपेक्षा गेममध्ये चांगलं वाजतंय. तुमच्या दोन्ही छंदांची इतकी जवळची गाठ दुसरी मला माहीत नाही.

प्रश्न : माझा मुलगा रोज चार-पाच तास कानाला हेडफोन लावून असतो. निम्मा वेळ गोळीबार, निम्मा वेळ किंचाळणारी गाणी. कानाला धोका आहे का?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : गाणी किंचाळतात म्हणून धोका नाही, आवाज किती आणि किती वेळ यावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की मोठ्या माणसानं ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालेल. मुलांसाठी ती मर्यादा ७५. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात, म्हणजे तुमच्या मुलाचा एक दिवस.

मेटलमध्ये एक अडचण खरी आहे. खयालात विलंबितापासून द्रुतापर्यंत आवाज चढतो-उतरतो, कानाला मधे उसंत मिळते. मेटल पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत जवळजवळ सारख्याच जोरात असतं, त्यामुळे तेवढ्याच व्हॉल्यूमला कानावर एकूण भार जास्त पडतो. गेममध्ये पावलं ऐकायला आवाज वाढवलेला असतो आणि मग अचानक ग्रेनेड फुटतो. बंद पाठीचा हेडफोन असेल तर पंख्यावर मात करायला आवाज वाढवावा लागत नाही, म्हणून तो घेऊन द्या. फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाला मर्यादा घालायची सोय बहुधा असतेच. खेळून उठल्यावर कानात शिट्टी वाजते का, हे त्याला विचारत जा. वाजत असेल आणि दुसऱ्या दिवशीही राहिली तर कानाच्या डॉक्टरांकडे न्या. विसर्जन मिरवणुकीची रात्रही त्याच आठवड्याच्या हिशेबात धरायची, हे त्यालाच नव्हे, त्याच्या वडिलांनाही सांगा.

प्रश्न : हेडफोनमध्ये सतत बारीक ‘घूं’ येतं. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्याही येतात. हेडफोन बदलू का?
– एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : हेडफोन ठीक असावा. तुमच्या घराचं अर्थिंग तपासा. विजेची ५० हर्ट्‌झची घरघर आणि तिचे हार्मोनिक्स हे ते ‘घूं’, आणि झिणझिण्या म्हणजे कॅबिनेटवर येणाऱ्या विजेला जमिनीकडे वाट नाही. जुन्या घरांत हे सर्रास आढळतं. घरात लॅपटॉप असेल तर चार्जर काढून त्यावर हाच हेडफोन ऐका, ‘घूं’ थांबलं तर दोष हेडफोनचा नाही याची खात्री झाली. यूएसबी साउंडकार्ड लावून आवाज कदाचित कमी होईल, पण झिणझिण्या जाणार नाहीत, म्हणून आधी वायरमन बोलवा. थ्री-पिनची मोठी पिन तोडून किंवा टू-पिनचा जोड लावून काम भागवलं असेल, तर तो येईपर्यंत कॉम्प्युटर बंद ठेवा.