रोग्यांच्या व पंगूंच्या हातचें दान

पाठाचीं वचनें : निर्गम ४:१०-१६, निर्गम ३१:१-६, स्तोत्र ८८, रोमकरांस १६:२२.

मोशे जड जिभेचा मनुष्य होता. आपणांस बोलतां येत नाहीं ही त्याची सबब खरीच होती, आणि देवानें ती खोटी ठरविली नाहीं. परंतु आधीं त्याची जीभ बरी केली व मग त्यास मिसरांत धाडलें, असें ह्या अध्यायांत कोठें लिहिलेलें नाहीं. अहरोन त्याचें मुख झाला एवढेंच लिहिलें आहे. आमच्या मंडळ्यांत हा भाग बहुधा मोशेच्या अल्पविश्वासावर उपदेश करण्यास घेतात, व तेंही योग्य आहे. आज मात्र त्यांतील दुसरी गोष्ट पाहूं. ज्याच्या शरीरांत उणीव आहे त्याजपाशींही सांगण्याजोगें कांहीं असतें, आणि तें बाहेर येण्यास कधीं कधीं दुसऱ्याचें तोंड किंवा दुसऱ्याचा हात लागतो.

आरे कॉलनी म्हटली कीं मुंबईकरांस दूध आठवतें, कारण १९४९ सालीं शहरांतील म्हशींचे गोठे हलविण्यासाठीं ती वसविली. परंतु गोठे येण्याच्या आधींपासून त्या रानांत वारली लोकांचे पाडे आहेत. तेथें गेरूनें सारविलेल्या भिंतीवर पांढऱ्या रेघांचीं चित्रें पाहावयास मिळतात. तारपेवाल्याभोंवतीं फेर धरणारीं माणसें, झाडें, कोंबड्या, बैल. आणि हें सारें वर्तुळ, त्रिकोण व चौकोन एवढ्यांतच. मूळ रीत अशी कीं, लग्नाच्या वेळीं सुवासिनींनीं तांदळाचें पीठ पाण्यांत कालवून, बांबूच्या काडीचें टोंक चावून केलेल्या कुंचल्यानें तीं काढावीं.

ह्याच जमातींत डहाणू-तलासरीकडे जिव्या सोमा मशे ह्यांचा जन्म १९३४ सालीं झाला. ते सात वर्षांचे असतां त्यांची आई वारली, आणि त्या धक्क्यानें मुलाचें बोलणें बंद झालें. मग जें सांगावयाचें तें तो धुळींत बोटानें रेखाटून सांगूं लागला, असा त्यांचा वृत्तांत आहे. मुक्या पोराला गांवानें वेडा म्हणून हांकलून दिलें असतें तर तेथेंच सर्व संपलें असतें. तसें झालें नाहीं. धुळींतील रेघा भिंतीवर गेल्या. पुढें १९७० नंतरच्या काळांत भास्कर कुळकर्णी नांवाचे चित्रकार त्या भागांत आले आणि भिंतीवरचें काम कागदावर उतरूं लागलें. जें काम लग्नापुरतें व स्त्रियांच्याच हातीं होतें, तें मशे रोज करूं लागले. १९७६ सालीं त्यांस राष्ट्रीय पुरस्कार व २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. आज पुष्कळ वारली तरुण ह्या कलेवर पोट भरतात, त्याचा उगम बऱ्याच अंशीं त्या धुळींतल्या रेघांत आहे.

येथें कोणी उपदेशक म्हणेल, "पाळकसाहेब, त्या चित्रांत तर पालघट देवीचा चौक असतो; विश्वासणाऱ्यांस त्याचें काय?" प्रश्न रास्त आहे. चौकापुढें आम्हीं हात जोडावयाचे नाहींत, हें उघड आहे. परंतु तांदळाच्या पिठांत किंवा रेघेंत पाप नाहीं. बसालेलास देवानें आपल्या आत्म्यानें भरलें तें सोन्यारुप्याचें, दगडाचें व लांकडाचें कसबी काम करण्यासाठीं, हें निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायांत आहे. ज्या घरानें प्रभूचें नांव घेतलें, त्या घराच्या भिंतीवर पेरणारा, मेंढपाळ किंवा कोळ्यांचें जाळें काढावयास कोणाची हरकत आहे? आमच्या मतें कित्येक ठिकाणीं आम्ही भिंती उगीच कोऱ्या करून बसलों.

आमच्या स्वतःच्या इतिहासांतही उदाहरण आहे. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या तेव्हां वैद्यकी शिकावी असा त्यांचा हेतु होता. कानांनीं कमी ऐकूं येऊं लागल्यामुळें तो बेत सोडावा लागला. त्याच बाईंनीं पुढें केडगांवीं इब्री व हेल्लेणी भाषांचा अभ्यास करून सबंध पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें, आणि मुक्तीच्या छापखान्यांत स्त्रियांनींच तें छापिलें. ऐकूं न येणाऱ्या बाईनें खेड्यांतील बायांस ऐकावयास सोपें असें शास्त्र दिलें! त्यांची कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या व मुक्तींतील आंधळ्या स्त्रियांस त्या लिपीनें वाचावयास शिकवूं लागल्या. १९०० सालीं अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड ह्यांनीं मुंबईंत अंधांची शाळा काढिली. दादरच्या अंधशाळेच्या रूपानें ती आजही चालू आहे.

आतां ८८ वें स्तोत्र काढा. शिरोलेखांत हेमान एज्राही ह्याचें नांव आहे. पंधराव्या ओवींत तो आपण तरुणपणापासून पीडित असल्याचें सांगतो. म्हणजे दीर्घकाळ दुखणेकरी असलेल्या मनुष्याचें लिखाण शास्त्रांत आहे. आणि तें स्तोत्र अंधारांत संपतें; शेवटीं स्तुतीची ओळही नाहीं. तरी यरुशलेमेच्या उपासकांनीं तें गाळलें नाहीं, व त्यास गोड शेवट जोडला नाहीं. आम्ही काय करतों? क्षयानें किंवा महारोगानें खंगलेल्या भावाकडे जातों, प्रार्थना करतों, मूठभर तांदूळ ठेवतों, आणि त्यानें आभाराचें गीत गावें अशी अपेक्षा धरतों. त्याच्या मनांत विलाप असेल तर तोच त्यानें लिहावा. खाटेवरच्या माणसास आनंद दाखविण्याचें ओझें घालणें ही कांहीं त्याची सेवा नव्हे.

ज्यांस लिहितां येत नाहीं, डोळ्यांनीं दिसत नाहीं किंवा बोटें झडलीं आहेत, त्यांचें काय? पौलानें रोमकरांस पत्र सांगितलें आणि तर्तियानें तें हातानें लिहिलें. अमेरिकेंतील आंधळी फॅनी क्रॉस्बी हिचीं गीतें आमच्या उपासनांत गातात. तीही तिनें बहुतेक मनांत रचून दुसऱ्यांकडून लिहवून घेतलीं. तेव्हां प्रत्येक उपदेशकानें ह्या महिन्यांत आपल्या मंडळींतील अशा एका मनुष्याकडे वही घेऊन जावें. घाई करूं नये. दम्याचा रोगी चार शब्द बोलून थांबतो, त्या वेळीं वाक्य आपण पुरें करूं नये. वारली किंवा कोंकणी बोली असेल तर बोलीच लिहावी. ती शुद्ध करावयास बसूं नये. बोलतां येत नसेल तर खडू व पाटी द्यावी, किंवा अंगणांतली धूळ झाडून सपाट करावी. लिहिलेलें त्यास वाचून दाखवावें, आणि त्याची संमति असेल तरच उपासनेंत वाचावें. खालीं नांव त्याचेंच घालावें. तर्तियानें सबंध पत्र लिहून आपल्यासाठीं एकच ओळ घेतली, आणि तीही नमस्काराची.