ग्राइंडर चालू होण्याआधी

कॉन्टेसाला आपल्याकडे लाडाने ‘देशी मसल कार’ म्हणतात. त्यात निम्मं कौतुक लांबलचक बोनेटचं आणि पुढच्या चार गोल दिव्यांचं. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ ते २००२ या काळात बंगालमधल्या उत्तरपाड्याला ही गाडी बनवली. मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा. सुरुवातीचं दीड लिटरचं इंजिन त्या अवजड अंगाला पुरायचं नाही. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं आलं आणि गाडी खऱ्या अर्थाने पळू लागली. माझी ती दुसऱ्या इंजिनाची. ठाण्यात घेतली, डोंबिवलीत आणून उभी केली. इंजिनाने मला कधी छळलं नाही. छळलं ते पत्र्याने, आणि पत्र्याहून जास्त पत्रा कापणाऱ्यांनी. जुनी गाडी उभी करू पाहणारी तरुण मंडळी भेटतात तेव्हा कार्ब्युरेटर आणि रंगाची शेड यांवरच बोलतात. पत्र्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून न विचारता सांगतो.

पहिली गोष्ट, कॉन्टेसाचा नवा पत्रा कुठेही मिळत नाही. अमेरिकेत १९६४ साली आलेल्या मस्टँगचं अख्खं नवं कवच आजही परवान्यासह बनवून मिळतं. आपल्याकडे फ्लोअर कुजला तर तो हाताने घडवायचा, दुसरा मार्ग नाही. तिकडच्या हौशी लोकांची फॅब्रिकेशन ही चैन, आपली ती नड. पद्मिनीवाल्यांचं आपल्या भागात जरा बरं आहे. प्रीमियरची पद्मिनी कुर्ल्याला बनायची, पण कंपनीचा एक कारखाना कल्याण-शीळ रस्त्यावरही होता आणि नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ तिथेच तयार होत असे. त्यामुळे गाडीच्या पत्र्यावर हात बसलेली जुनी माणसं डोंबिवलीत अजून सापडतात. ती शोधायची. बोर्डावर ‘कस्टम’ लिहिलेलं आहे की नाही, याला काही अर्थ नाही.

डोंबिवली एमआयडीसीत आणि वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेटर भरपूर आहेत आणि त्यांचं काम उत्तम असतं. पण ते शेडचं, ग्रिलचं, टाकीचं. तिथला पत्रा जाड, सांधा भरभक्कम, दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. गाडीचा पत्रा साधारण २० गेजचा, म्हणजे ०.९ मिलिमीटरच्या आसपास. त्यावर साधं आर्क वेल्डिंग मारलं की भोक पडतं, मग भोक बुजवायला आणखी वेल्डिंग, आणि उष्णतेने सगळा पत्रा लाटा आल्यासारखा वाकतो.

माझ्या गाडीचं काम ज्यांनी घेतलं त्यांच्याकडे सीओटू वेल्डिंगचं चांगलं मशीन होतं. दोन्ही बाजूंचे सिल, म्हणजे दारांखालच्या पोकळ पेट्या, आतून गेलेले होते. २००५ च्या २६ जुलैला कल्याणात शिरलेलं पाणी या गाडीनेही पाहिलं असावं. पेट्या उघडल्या तेव्हा आत वाळलेला गाळ निघाला. इथवर सगळं ठीक. पुढे त्यांनी दारं उतरवली, गाडी पुढून-मागून उचलून धरली आणि दोन्ही सिल एकदम कापले. इंजिन जागेवरच.

कॉन्टेसाला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. पद्मिनीलाही नाही, ॲम्बॅसिडरलाही नाही. फ्लोअर, सिल, खांब आणि छप्पर मिळूनच सांगाडा होतो. त्यातल्या सिलांवर मधल्या भागाची ताकद असते. ते दोन्ही काढल्यावर गाडी कमरेत बसली, थोडीशीच, आणि त्या बसलेल्या स्थितीत नवे सिल जोडले गेले. वेल्डिंग देखणं होतं. दारं लावायला घेतली तेव्हा वरच्या कोपऱ्यात फट संपलेली आणि खाली बोट जाईल एवढी उघडलेली. यावर उपाय म्हणून दाराची कड घासली, उरलेल्या ठिकाणी लांबी भरली आणि मला सांगितलं, “साहेब, जुन्या गाडीत एवढं चालतंच.”

चालत नाही. दाराची फट हा सांगाड्याचा आरसा आहे. फट बिघडली असेल तर बिघाड दारात शोधायचा नाही.

गाडी तिथून काढली आणि दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. ते तासभर नुसते टेप घेऊन फिरले. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर वर आणि खाली, डावीकडचं आणि उजवीकडचं, सगळं भिंतीवर खडूने लिहिलं. मग इंजिन उतरवलं. गाडी सपाट जमिनीवर, तिचं वजन एरवी जिथे येतं त्या सस्पेंशनच्या जागांखाली घोड्या लावून टेकवली. एका बाजूचा नवा सिल परत कापला, मध्ये जॅक देऊन फट जागेवर येईपर्यंत हळूहळू उचललं आणि दोन खांबांमध्ये चौकोनी पाइप आडवा-तिरपा टॅक मारून सांगाडा बांधून टाकला. मगच सिल जोडला. एक बाजू पूर्ण थंड झाल्यावर दार लावून पाहिलं, उघडलं, मिटलं, आणि नंतर दुसऱ्या बाजूला हात घातला. हाच क्रम पहिल्यांदा पाळला असता तर पाइपाचे चार तुकडे आणि एका दिवसाची मजुरी, एवढाच खर्च होता.

तेव्हा काम देण्याआधी गॅरेजवाल्याला एकच विचारा: कापण्याआधी काय काय करणार? उत्तरात मापं, बांधणं आणि एका वेळी एकच बाजू हे आलं नाही, तर चहा पिऊन निघा.

पत्रा सीआरचा, म्हणजे कोल्ड रोल्ड, घ्यायला सांगा. जीपी, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, पत्रा गंजत नाही म्हणून पुढे करतात, पण त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये जळतो, त्याच्या धुराने माणसाला ताप भरतो आणि सांधाही कच्चा राहतो. १८ गेज लावून ‘मजबूत’ करण्याचा मोहही नको; जाड नव्या पत्र्याशेजारी मूळचा पातळ पत्रा सांध्याच्या कडेने फाटायला लागतो. वेल्डिंगची तार ०.८ ची, टाके लांब-लांब आणि आलटून-पालटून; एका दमात ओढलेली सरळ रेघ दिसली की समजावं, पत्रा ताणला गेला. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे भोक पाडून त्यातून भरायचं. बॅटरी सोडायची, अल्टरनेटरच्या तारा सोडायच्या. पेट्रोलची टाकी उतरवून शेडबाहेर ठेवायची. खालचं डांबरी अंडरकोटिंग पेटतं, म्हणून कोणीतरी पाण्याची बादली घेऊन आतल्या बाजूला बसलेलं हवंच.

हे काम दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर संपवावं. आमच्याकडे पावसाळ्यात संध्याकाळी घासून चकचकीत केलेला पत्रा सकाळी तांबूस होतो. (२०१४ च्या जानेवारीत ज्या डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, त्या गावाच्या हवेवर विश्वास ठेवायला मी तरी तयार नाही.) रोज जेवढं उघडं केलं तेवढ्यावर त्याच दिवशी प्रायमर बसला पाहिजे. आणि सिल बंद करण्याआधी आत मेण कसं जाणार, पाणी कुठल्या भोकाने निघणार, हे ठरलेलं हवं. पाण्याची मूळ भोकं वेल्डिंगमध्ये बुजवून टाकणारे मी बरेच पाहिले.

पैसे टप्प्याने द्या, आणि मोठा टप्पा रंगाचा ठेवू नका. पत्रा उघडा असताना, प्रायमरच्या आधी, स्वतः जाऊन बघा, फोटो काढा, मग द्या. लांबी चढली की खालचं कोणालाच दिसत नाही. गाडी विकत घेताना लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडांवरून फिरवतात, तोच आपल्या गाडीवरून डिलिव्हरीच्या दिवशीही फिरवायला हरकत नाही.

राहिला ‘मसल लूक’. बोनेटवर स्कूप, रुंद केलेले मडगार्ड, हे मलाही सुचवलं गेलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, म्हणजे तपासणी आलीच. चेसिस नंबर ज्या पत्र्यावर कोरलेला आहे तो तर कोणत्याही कारणाने कापू देऊ नका. शिवाय २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, पण चेसिस, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसेल तरच. १९७४ ची पद्मिनी त्या वयात पोचली आहे. सगळ्यात पहिल्या कॉन्टेसा २०३४ मध्ये पोचतील. मी स्कूपला नाही म्हटलं.