आधी वाट कोणाची?
महामार्गावरील अग्रहक्काचे नियम आणि त्यांमागील विचार

ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रातील महामार्गांवर एक दृश्य नित्य दिसते. शिवारातून आलेली कच्ची वाट जेथे महामार्गाला मिळते, तेथे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रेलरांसह एखादा ट्रॅक्टर उभा असतो. महामार्गावरून वाहने वेगाने धावत असतात. ट्रॅक्टरचा चालक दोन्हीकडे पाहतो आणि ‘गाडीवाला थांबेल’ या भरवशावर पुढचे चाक डांबरावर घालतो. त्याच वेळी दुरून येणारा मोटारचालक ‘ट्रॅक्टरवाला थांबेल’ अशा समजुतीने आपला वेग कायम ठेवतो. भरवसा दोघांचाही आहे; थांबणार मात्र कोणीच नाही.

या प्रसंगातील गणित प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे. दुपदरी महामार्गाची डांबरी रुंदी साधारणतः ७ मीटर असते. ट्रॅक्टर आणि दोन ट्रेलर यांची मिळून लांबी १५ मीटर धरली, तर संपूर्ण वाहन रस्ता ओलांडून जाण्यास त्याला सुमारे २२ मीटर अंतर कापावे लागते. ताशी १० किलोमीटर वेगाने याला ८ सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर, म्हणजे ८ सेकंदांत सुमारे १७५ मीटर पुढे येते. रात्री दिव्याच्या खालच्या झोतात इतक्या दूरचे दिसत नाही. त्यामुळे ‘दिसल्यावर पाहू’ हा विचार महामार्गावर निरुपयोगी ठरतो. कोणी थांबायचे हे आधीच ठरलेले असले पाहिजे. ते ठरविणारा नियम म्हणजे वाटेचा अग्रहक्क होय.

या विषयाचे गांभीर्य आकड्यांवरूनही ध्यानात येईल. २०२२ या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ६१,०३८ मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवर व द्रुतगती मार्गांवर झाले. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत या मार्गांचा वाटा अगदी अल्प आहे, हे लक्षात घेतले म्हणजे महामार्गावरील शिस्तीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

हक्क की कर्तव्य?

अग्रहक्काचा नियम आपल्याकडे नवा नाही. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या दहाव्या अनुसूचीत तो होता. १९८८ चा अधिनियम १ जुलै १९८९ पासून अमलात आल्यावर त्याखालील विनियमांत तो कायम राहिला. २०१७ मध्ये या विनियमांची जागा मोटार वाहन चालनविषयक नव्या विनियमांनी घेतली व त्यांत हा विषय अधिक तपशिलाने मांडला गेला.

या नियमाची भाषा मोठी बोलकी आहे. शीर्षकात ‘हक्क’ असला तरी मजकुरात ‘अमुक वाहनाने तमुक वाहनास वाट द्यावी’ अशी आज्ञा आहे. म्हणजेच कायदा एकाला ‘तू थांब’ असे सांगतो. दुसऱ्याला ‘तू बेधडक घूस’ असे सांगत नाही. उलट, चौक, फाटा किंवा पादचारी मार्ग जवळ येताच वेग कमी करणे, आणि इतरांना धोका न होता पुढे जाता येईल अशी खात्री झाल्याशिवाय त्यात प्रवेश न करणे, हे प्रत्येक चालकाचे कर्तव्य आहे. ज्याचा अग्रहक्क आहे, तोही त्यातून सुटत नाही. समोरच्याने वाट दिली तरच हा हक्क पदरी पडतो. तो हिसकावून घेता येत नाही.

फाटा, चौक आणि वळण

मुख्य मार्ग म्हणून निर्देशित केलेल्या रस्त्यावर जो प्रवेश करतो, त्याने त्या मार्गावरील वाहनांना आधी जाऊ दिले पाहिजे. म्हणून आरंभीच्या प्रसंगात थांबण्याचे कर्तव्य ट्रॅक्टरचालकाचे आहे. अशा ठिकाणी दोन चिन्हे आढळतात. टोक खाली असलेला, लाल किनारीचा त्रिकोण ‘वाट द्या’ असे सांगतो. अष्टकोनी लाल फलक ‘थांबा’ असे सांगतो. पहिल्या चिन्हापाशी रस्ता मोकळा असल्यास न थांबता पुढे जाता येते. दुसऱ्यापाशी मात्र रस्ता मोकळा दिसला तरी वाहन पूर्णपणे थांबवावेच लागते.

दोन्ही रस्ते सारख्याच दर्जाचे असतील आणि पोलीस, सिग्नल किंवा फलक यांपैकी काहीच नसेल, तर आपल्या उजवीकडून येणाऱ्या वाहनास वाट द्यावयाची असते. यामागील कारण सोपे आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहन हाकतो. त्यामुळे उजवीकडून येणारे वाहन आडव्या रस्त्याच्या आपल्याला जवळ असलेल्या अर्ध्या भागातून जाते व आपल्या वाटेत तेच प्रथम येते.

उजवीकडे वळणाऱ्याने समोरून सरळ येणाऱ्यास आधी जाऊ द्यावे. वर्तुळाकार चौकात जे वाहन आधीच फिरत आहे त्याला बाहेरून येणाऱ्याने वाट द्यावी. बाजूच्या मार्गिकेतून द्रुतगती मार्गावर येणाऱ्याने तेथील वाहतुकीचा अंदाज घेऊनच तीत मिसळावे. चौकात पोलीस उभा असेल, तर त्याचा इशारा सिग्नल व फलक या दोहोंपेक्षा श्रेष्ठ मानावा.

घाटरस्त्यावर

सह्याद्रीच्या घाटांत एक निराळा नियम लागू होतो. दोन वाहने एकमेकांजवळून सुरक्षितपणे जाऊ शकणार नाहीत इतका रस्ता अरुंद असेल, तर उतरणाऱ्याने कडेला थांबून चढणाऱ्यास वाट द्यावयाची असते. भरलेला ट्रक चढणीवर थांबला, की त्याला पुन्हा हलविणे कठीण होते. तो मागे घसरण्याची भीती असते. उतरणाऱ्याला पुन्हा निघणे तुलनेने सोपे असते. ज्याला थांबणे कमी त्रासाचे, त्याने थांबावे, असा हा न्याय आहे. अर्थात, वेळेवर थांबता यावे म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा धडा विसरता कामा नये.

दिव्याची फसवी भाषा

आपल्या महामार्गांवर ‘अप्पर-डिप्पर’ ही एक अलिखित भाषा रूढ झाली आहे. दुरून दिवे उघडझाप करणारा चालक बहुधा ‘मी येतो आहे, थांब’ असे सांगत असतो. पण समोरचा त्याचा अर्थ ‘ये, तुला वाट दिली’ असाही घेऊ शकतो. एकाच खुणेचे दोन उलट अर्थ निघत असतील, तर तिच्यावर जीव सोपविणे धोक्याचे आहे. दिव्याने वा हॉर्नने सूचना देता येते, अग्रहक्क मिळत नाही.

ओव्हरटेक करणाऱ्याचेही तसेच आहे. दुपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाहनाची बाजू काही काळ वापरण्याची ही केवळ सवलत असते. समोरचा रस्ता स्वच्छ दिसत नसेल, तर ती घेऊ नये. त्याचबरोबर, ज्याला मागे टाकले जात आहे त्याने ईर्षेने वेग वाढविणे हेही नियमबाह्य आहे.

ज्यांना सर्वांनी वाट द्यावी

रुग्णवाहिका आणि अग्निशमन वाहन यांना सर्वांनी कडेला होऊन मोकळी वाट दिलीच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यात कसूर करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. जेथे सिग्नल वा पोलीस नाही अशा पादचारी पट्ट्यांवर पायी चालणाऱ्याचा अग्रहक्क असतो. महामार्गालगतच्या गावांतून शाळेला निघालेल्या मुलांच्या दृष्टीने हा नियम केवळ पुस्तकी राहता कामा नये.

आता पुन्हा त्या उसाच्या ट्रॅक्टरकडे वळू. नियमानुसार त्याने थांबावयाचे आहे, हे खरे. परंतु तो थांबला नाही, तर मोटारचालकाने काय करावे? ‘हक्क माझा होता’ हे सिद्ध करण्यासाठी वेग कायम ठेवावा काय? अपघातानंतर चूक कोणाची याचा निवाडा न्यायालयात होईल. गेलेला जीव मात्र त्या निवाड्याने परत येणार नाही. म्हणून ज्याने वाट द्यावयाची त्याने नियम म्हणून द्यावी आणि ज्याची वाट आहे त्यानेही प्रसंगी ती शहाणपण म्हणून सोडावी. फाट्यावर थांबण्यात आठ-दहा सेकंद जातात. घरी वाट पाहणाऱ्या माणसांसाठी ते खर्ची पडले, तर ते वाया गेले असे कोण म्हणेल?